दाजींचा तिसरा अंक

आमच्या दाजींइतका विनोदाच्या बाबतीत गंभीर माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून सापडायचा नाही, आणि चुकून सापडलाच तर कृपा करून त्याची दाजींशी गाठ घालून देऊ नका. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. ओतूरला राहतात, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसं शेतीत लक्ष घालतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. दाजींनी एक इंग्रजी विनोदी नाटक मराठीत आणायला घेतलं आणि त्यात चांगली सात वर्षं घातली. प्रत्येक वाक्य जिवंत माणसावर तपासून घेतल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. महाळुंगे पडवळला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी अख्खा पहिला प्रवेश वाचून दाखवला. मग पेन्सिल काढून विचारलं, "हसलात का?" तो म्हणाला, "नाय." "का नाही हसलात?" "जेवतोय ना, राव." दाजींनी समासात टिपून ठेवलं : जेवताना चालत नाही.

इंग्रजी रीत अंगी बाणल्याशिवाय भाषांतर उतरत नाही, असा त्यांचा आणखी एक सिद्धांत. त्यापायी ते स्वतःच्या घराची कडी वाजवून, आक्का "या" म्हणेपर्यंत बाहेर उभे राहू लागले. एकदा आत मिक्सर चालू होता. दाजी भर उन्हात, डोक्यावर हॅट घालून, अर्धा तास आपल्याच ओट्यावर. शेजारी म्हणाला, "सर, दार तर उघडंच हाय." दाजी म्हणाले, "पण बोलावलेलं नाही." आक्कानं पुढं आठ दिवस त्यांच्याशी भांडण काढलं, ते वेगळंच.

नाटकाची गोष्ट म्हणाल तर एवढीशी. एक गृहस्थ एका घरी मुलीला मागणी घालायला येतो. मुलीच्या बापाला तो नको असतो, म्हणून बाप कपाटात लपतो आणि नोकर दारातच सांगतो, "मालक घरी नाहीत." प्रत्येक अंकात एकदा, असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा काय होतं ते दाजी कोणाला म्हणजे कोणाला सांगत नसत. "पहिले दोन अंक नुसती मशागत, मेव्हणे. पीक तिसऱ्यात." त्या तिसऱ्या अंकाला माणसं हसलेली एकदा कानांनी ऐकायची, एवढीच त्यांची जिवाची इच्छा होती. कोणी हसलं नाही तर वही मांडवी नदीत सोडून देईन, असं त्यांनी आक्काला सांगून ठेवलं होतं. ती बिचारी त्या धास्तीनं महिनाभर नीट जेवली नाही.

शेवटी आमच्या गावच्या, डिंगोऱ्याच्या यात्रेत, दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी नाटक ठरलं. बाप झाला डेअरीचा सेक्रेटरी. नोकर मी, लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेल्या लाल कोटात. पाव्हण्याचं काम दुसऱ्या कोणाला झेपणार नाही म्हणून दाजींनी स्वतःकडे घेतलं. चूक झाली ती इथं, आणि ती आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. डिंगोरे ही दाजींची सासुरवाडी.

पडदा उघडला. सेक्रेटरी कपाटात गेला. कडी वाजली. मी दार उघडून खणखणीत आवाजात म्हणालो, "मालक घरी नाहीत."

कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूनं आमची आई उठली. "आरं, जावयाला दारातनं माघारी लावतो व्हय रं?"

"आई, नाटक हाय," मी कुजबुजलो.

"नाटक आसंल. जावई तर खराच हाय ना?" असं म्हणून ती तांब्या घेऊन थेट स्टेजवर चढली. मागून एक म्हातारबा बोलले, "आन् मालक घरातच हाय की. कपाटात घुसलाय, आमी बघितला." एवढं झाल्यावर सेक्रेटरीला काही दम निघेना. तो हात जोडून बाहेर आला. "चुकलं, पावणं. बसा. पोरगी दिली म्हणून समजा." कोणीतरी खुर्ची आणली, कोणी चहा, आमच्या घरून मासवडी आणि भाकरी आली. तीन अंकांचं नाटक पाच मिनिटांत सुखान्त झालं. "लई झ्याक नाटक व्हतं, पावण्याचा मान राखला," म्हणत लोक आखाड्याकडे गेले. दाजी हॅट घालून, मांडीवर ताट घेऊन बसले होते. "मेव्हणे, तिसरा अंक..." एवढंच म्हणाले. डोळे भरले होते. मला त्या लाल कोटात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वही मात्र नदीत गेली नाही. जो अंक झालाच नाही तो पडला कसा म्हणायचा, असा दाजींचा बिनतोड हिशेब. पुढं दर यात्रेला ते आईला विचारत, "मामी, यंदा बसून राहाल का?" आई म्हणे, "तुमी दारात उभं राहनार नसाल तर बसंन." आणि नाटक राहून जाई. तिला तिसऱ्या अंकात काय आहे ते ऐकायचं होतं, पण त्यासाठी जावयाला तीनदा परत पाठवायची तिची तयारी नव्हती.

आई जाऊन आता वर्ष होत आलं. परवा यात्रा कमिटीनं आपणहून निरोप दिला, यंदा तिन्ही अंक होऊ द्या. त्याच दिवशी दाजी वही घेऊन आमच्याकडे आले. सवयीनं कडी वाजवली आणि उभे राहिले. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी दार उघडून म्हणालो, "मालक घरी नाहीत."

दाजी हसले. मग आम्ही दोघंही थांबलो. आतून कोणी ओरडलं नाही. आईची मला फार, फार आठवण आली. दाजी उंबऱ्याबाहेरच उभे. मी आत जाऊन तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. पाणी पिऊन त्यांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि पहिल्या पानावरच्या पात्रांच्या यादीकडे बराच वेळ बघत राहिले.

"मेव्हणे," ते म्हणाले, "मामींचं काम आता कोणाला द्यायचं?"