चिठ्ठ्यांवरचं शालनचं नाव

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कामांच्या याद्या करून एकेक काम खोडत जाणारी बाई मी – पण हे कुठल्याच यादीत घालायचं धाडस झालं नाही. तुम्हाला सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मालवणजवळच्या एका रोपवाटिकेच्या कचेरीत शालन आणि मी शेजारी बसायचो. नवा संगणक आला होता. फाईलचं नाव आठ अक्षरांत संपायचं. त्यावरून काय कळणार – कलमं कुठल्या झाडाची, माहिती आणली कुणी? म्हणून शालननं प्रत्येक फाईलला एक छोटी फाईल जोडली. आम्ही तिला चिठ्ठी म्हणायचो. तीत मूळ झाड, बाग, माहिती आणणाऱ्याचं नाव. धामापूरपर्यंतच्या बागा पालथ्या घालून माहिती आणायची शालनच. आज्ञा टाईप करून चिठ्ठ्या लिहायला, बदलायला मला तिनंच शिकवलं.

मग पुण्याच्या प्रशिक्षणाला एकीला पाठवायचं ठरलं. अर्ज दोघींनी मिळून करायचा, असं आमचं बोलणं झालं होतं. तिनं गुपचूप एकटीनं केला. मला शिपायाकडून कळलं, मग मीही माझा केला. फसवलंच ना तिनं मला? – तेव्हा मी स्वतःला हेच विचारत होते, पुन्हा पुन्हा.

वरच्या कचेरीतले साहेब चिठ्ठ्या बघून निवड करणार होते. शालन जेवायला घरी गेली आणि मी – सांगतेच आता – एक आज्ञा दिली. सगळ्या चिठ्ठ्यांतलं तिचं नाव गेलं, माझं आलं.

परत येऊन तिनं चिठ्ठी उघडली. “गो विजया, माझां नाव खंय गेलां?”

“माका काय म्हायत? मशीनच तसां.”

ती हसली. “नावां खाता की काय ह्यां?” म्हणत तिनं फाईलींची यादी पडद्यावर आणली. फाईल बदलली की मशीन तिच्यावर त्या घडीची तारीख-वेळ घालतं. सगळ्या चिठ्ठ्यांवर जेवणाच्या सुट्टीतली वेळ होती. आणि सुट्टीत कचेरीत होतं कोण? मी एकटी. ती वाचत राहिली. हसू कधी गेलं, मला कळलं नाही.

साहेब आले, चिठ्ठ्या बघून त्यांनी विचारलं, “ही सगळी माहिती विजयाबाईंनी आणली?”

“चिठ्ठ्यांवर तसंच आहे, साहेब,” शालन म्हणाली.

निवड माझी झाली. पुण्याला गेले.

परतले तेव्हा माझ्या आधी ती येऊन बसली होती. मी विचारलं, “शालन, बरी आसस मां गो?”

“बरी आहे, विजयाबाई,” ती म्हणाली. “तुम्ही बसा. तुमची खुर्ची पुसून ठेवली आहे.”