रिकामा रकाना

ज्या माणसाने माझं तीन हिवाळ्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तो मला ऑफिसात ‘वहिनी’ म्हणायचा. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

मी रत्नागिरीची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, प्रबंध कोकणातल्या खाड्यांमधल्या कांदळवनांवर. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे दोह्याला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिथल्या बिन महमूद भागातल्या एका छोट्या ऑफिसात अर्धवेळ काम धरलं. बांधकामाआधी पर्यावरणाचे अहवाल करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. साहेब पुण्याचे, नवऱ्याच्या ओळखीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “ह्या आमच्या वहिनी.” ऑफिसातल्या मल्याळी आणि फिलिपिनो मंडळींना ते माझं नावच वाटलं. दोन महिने मला ‘मिस वहिनी’ म्हणून मेल येत होत्या.

मग उत्तर किनाऱ्याचं काम आलं. दोह्याहून तासाभरावर खाडीत दलदलीचं जंगल आहे. तिथे पर्यटकांसाठी लाकडी पायवाट बांधायची होती. ती कुठून न्यायची आणि कुठून अजिबात न्यायची नाही, हे आमच्या पाहणीवर ठरणार होतं. चिखलात उतरायला ऑफिसात दुसरं कोणी तयार नव्हतं. मी गमबूट घेतले, भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि उतरले.

त्या किनाऱ्यावर झाड एकच, तिवर. तिथले लोक त्याला गुर्म म्हणतात. कोकणातल्या खाडीत कांदळ, चिपी, झुंबर, हुरा अशी गर्दी असते. इथे नजर जाईल तिथे तिवरच. पण दोरीचा चौकोन टाकून मोजायला बसलं की हेच जंगल वेगवेगळं दिसायला लागतं. पाण्याच्या वाटेच्या कडेला झाडं डोक्यावर जातात. थोडं आत गेलं की ती खांद्याइतकी होतात आणि चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांची इतकी दाटी होते की पाऊल ठेवायला जागा सापडत नाही. त्याच्याही मागे, जिथे भरतीचं पाणी कधीमधीच पोचतं आणि मीठ साचतं, तिथे तिवर गुडघ्याएवढं खुजं राहतं. ते पाहून रोप वाटतं, पण खोड बघितलं तर झाड चांगलं जुनं असतं. आणि शेवटी तिवर संपतं तिथे मांसल पानांची खारट झुडपं, आपल्याकडच्या मोरसाच्या भाजीची चुलतभावंडं. त्यांच्यामागे नुसतं पांढरं मिठाचं मैदान.

मी त्याचे चार वर्ग पाडले. तीन हिवाळे, प्रत्येक वर्गातले चौकोन, मुळांची मोजणी, मिठाची नोंद. खुज्या तिवरातून पायवाट नेऊ नका, एकदा तुडवलं की ते परत उठत नाही, असं ठळक लिहिलं. साहेबांनी माझा तक्ता पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“एकच झाड? वहिनी, एका झाडाचं वर्गीकरण काय करता?”

“सर, झाड एक आहे. जंगलं चार आहेत.”

“ते तुम्हाला. क्लायंटला रिकामे रकाने दिसणार. त्याला वाटेल, आपण फिरायला गेलो होतो. तक्ता कसा भरलेला दिसला पाहिजे.”

आठवड्याने अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर आला. पहिल्या पानावर ‘पाहणी आणि वर्गीकरण’, खाली त्यांचं नाव. माझं कुठेच नाही, आभारातसुद्धा नाही. मी तसंच उठून त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“क्लायंटला एकच नाव लागतं हो,” ते फोनमधून मान वर न करता म्हणाले. “आणि तुम्ही काय, घरच्याच. मजकूर फायनल आहे, त्याला हात लावू नका. फक्त स्वल्पविराम तेवढे बघून घ्या. यल्ला, चला, उद्या पाठवायचाय.”

मी जागेवर येऊन वाचायला बसले. तक्ता भरलेला होता. कांदळ, चिपी, झुंबर, हुरा, झाडून सगळी मंडळी हजर. तो माझ्याच प्रबंधातला कोकणाचा तक्ता होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नमुना म्हणून मीच त्यांना दिलेला. त्यांनी वरचं शीर्षक बदललं होतं, खाडीचं नाव बदललं होतं, आणि माझ्या चार वर्गांच्या पोटात रत्नागिरीची झाडं ओतली होती. त्यातलं एकही त्या किनाऱ्यावर उगवत नाही.

मी स्वल्पविराम बघितले. एकोणीस दुरुस्त केले. त्यातला एक कांदळ आणि चिपी यांच्या लॅटिन नावांमध्ये राहिला होता, तो घातला.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“अगं, सांगून टाक ना त्यांना. गणपतीत त्यांच्या शेजारी उभं राहून आरत्या म्हणायच्यात आपल्याला.”

“म्हणेन की. आरतीचं आणि याचं काय?”

“त्यांची नाचक्की होईल.”

“हो,” मी म्हटलं आणि त्याला आमटी वाढली.

एक सांगून ठेवते. हा मसुदा होता. बैठकीत त्यावर चर्चा व्हायची होती, त्याआधी तिथे कोणी एक खांब रोवणार नव्हतं. तसा धोका असता तर मी तोंड उघडलं असतं. धोका एकाच माणसाला होता आणि तो मला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा होता.

बैठकीला क्लायंटकडून एक कतारी इंजिनिअर बाई आल्या. तिशीच्या, काळा अबाया, मसुद्यावर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत वीस मिनिटं जैवविविधता सांगितली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तक्त्यावर पेन्सिल टेकवली.

“मी त्याच किनाऱ्यावरची आहे. माझ्या आजोबांचे उंट तिथला गुर्म खायचे. ही बाकीची झाडं तुम्ही कुठे पाहिलीत?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश प्यायले.

“आतल्या भागात,” ते म्हणाले. “खूप आत.”

“छान. शनिवारी दाखवा,” बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर साहेब माझ्यावर घसरले. “वहिनी, तुम्ही बघितलं नाहीत?”

“बघितलं ना. एकोणीस होते.”

शनिवारी ओहोटी सकाळी दहाला होती. बाई गमबूट घालून आल्या. साहेब पांढऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये. त्यांना वाटलं होतं, गाडीतूनच दाखवता येईल. मी पुढे, बाई मागे, साहेब सगळ्यात मागे. त्या चिखलात मुळांच्या दाटीला धरून चालायचं असतं. मोकळी, गुळगुळीत जागा दिसते तिथेच माणूस खाली जातो. मी हे बाईंना सांगितलं. साहेब दूर होते, त्यांच्यासाठी ओरडून सांगितलं नाही.

ते गुडघ्यापर्यंत गेले. पाय ओढायला लागले तसे आणखी चार बोटं गेले.

“वहिनी, हात द्या!”

मी जवळ गेले, पण हात दिला नाही. भरतीचं पाणी तिथवर यायला अजून दोन तास होते, जीवाला काही होणार नव्हतं. वही उघडली आणि इंग्रजीत, बाईंना ऐकू जाईल असं, विचारलं, “सर, आपण कुठल्या वर्गात आहोत?”

“म्हणजे?”

“चार वर्ग आहेत ना तुमच्या अहवालात. तुम्ही उभे आहात तो कितवा?”

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळीकडे तिवर. बाई हातावर हात ठेवून थांबल्या होत्या.

“पाहणी यांनी केली,” शेवटी ते बाईंना म्हणाले. “वर्गीकरणही यांचंच. तक्ता... तो माझा.”

मग मी हात दिला. माणूस बाहेर आला, डावा बूट आला नाही. शोधायला हात घालू का, असं मी विचारलं नाही. दुसरा वर्ग, मधलं तिवर, हे उत्तर होतं. ते मी बाईंना सांगितलं.

त्यानंतर बाईंना खुजं तिवर दाखवलं. त्या उकिडव्या बसल्या आणि एका गुडघ्याएवढ्या झाडाचं खोड मुठीत धरून पाहिलं. पायवाट तिथून जाणार नाही, हे तिथेच ठरलं. साहेब तोवर एका बुटावर गाडीशी उभे होते.

नवा अहवाल माझ्या नावाने गेला, पहिल्या पानावर एकच नाव. क्लायंटला एकच लागतं. साहेब आता मला मॅडम म्हणतात. गणपतीत मी त्यांच्या शेजारी उभी राहून सगळ्या आरत्या म्हटल्या आणि प्रसादाचा मोदक त्यांच्या हातावर स्वतः ठेवला. नवरा म्हणाला, “आता तरी सोड.” मी सोडलेलं नाही. कशाला सोडू?

माझ्या वहीत त्या शनिवारचा चौकोन आहे. झाड: तिवर. उंची: खांद्याइतकी. मुळं: दाट. शेवटचा रकाना ‘इतर’ हा तीन हिवाळे रिकामाच असायचा. त्या दिवशी मी तिथे लिहिलं: स्पोर्ट्स शूज, पांढरा, डावा, एक. तक्ता कसा भरलेला दिसला पाहिजे.