‘कावून’चं स्पेलिंग

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला बोलायची सोय नाही. दाजींनी चहात पाय बुडवला तरी ‘साखर बरोबर हाय ना’ एवढंच विचारायचं.

दाजी पीकविम्याचा फॉर्म प्रिंट करायला वडवणीला आमच्या घरी आले. कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात देऊन मी दूध आणायला गेलो, हा माझा शहाणपणा. त्यांनी फॉर्म सोडून माझ्या बायकोच्या नावाचं फोल्डर उघडलं. त्यात तिच्या गाठीचे रिपोर्ट होते. पक्कं निदान होईपर्यंत तिनं सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. दाजींनी गावभर फोन लावले, आणि दुपारी निम्मी भावकी केळी घेऊन दारात. एक म्हातारी तिच्या गळ्यात पडून रडली. बायको सगळ्यांना चहा देत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

माझं डोकं भणाणलं. आणि मी केलं काय? दाजींना आग्रह करून चपाती वाढली.

मग राग कॉम्प्युटरवर काढला. बीडच्या दुकानदारानं दिलेलं सॉफ्टवेअर फोल्डर नुसतं लपवायचं. दाराला पडदा लावून त्याला कुलूप म्हणण्यातला प्रकार. दुसरं सगळ्या फायली आधी कंपनीकडं पाठवायचं. एका दाजीनं पोळलेला माणूस दुसरा कशाला पाळील? शेवटी एक फुकटचं निवडलं. त्याची आतली रचना कुणालाही तपासता येत होती, आणि पासवर्डाशिवाय फायलींत नुसता अक्षरांचा काला दिसायचा. पासवर्ड विसरलात तर आम्हीही उघडू शकत नाही, असं बजावलं होतं. लांब वाक्य ठेवा, असंही. माझ्या पोटात एक तयारच होतं. इंग्रजी अक्षरांत टाकलं: दाजी फोल्डर कावून उघडलं. ‘का’ला आमच्याकडं ‘कावून’ म्हणतात. लई बरं वाटलं. त्या भरात रिपोर्टचे कागदही फाडून टाकले.

आठवड्यानं डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. बीडला न्यायला जीप घेऊन आले दाजीच. चहाची बशी घेऊन माझ्या मागं बसले. मी पासवर्ड टाकला. चूक. ‘कावून’चं स्पेलिंग शाळेत कुणी शिकवलंय? डबल ए करून बघितलं, डबल ओ करून बघितलं.

बायको तयार होऊन आली. “सरका, मी टाकते. काय हाय ते सांगा.”

“नंतर बघू.”

“अहो, अकरानंतर डॉक्टर भेटत नाहीत.”

तिचा हात नकळत गाठीपाशी गेला होता. मग मी बोललो, नीट, मोठ्यानं.

“दाजी, फोल्डर कावून उघडलं?”

मागं बशीचा आवाज थांबला. बायकोनं ‘कावून’ ती मेसेजात लिहिते तसं, मधला व्ही गाळून टाइप केलं. उघडलं. मीही ते स्पेलिंग तिच्याच मेसेजातून उचललं असणार.

“काळजी वाटली, भाऊ,” दाजी म्हणाले.

“काळजी वाटली तर तिला विचारायचं होतं.” हे काही पासवर्डात नव्हतं.

दाजींनी खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि प्रिंट निघेपर्यंत तसेच बसले. मग जीप काढून आम्हाला अकराच्या आत बीडला पोचवलं.

राग अजून हाय. पासवर्ड तेवढा बदलावा लागला. नवा बायकोनं ठेवला, आणि मलाही सांगितला नाही.