प्रभुअण्णा आवाज बसवतात

चिटगुप्प्यात घरोघरी टीव्हीला स्पीकर बसवून देणारे प्रभुलिंग, म्हणजे आमचे प्रभुअण्णा, भलतेच चिवट गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी लग्नाकार्यात माईकसेट लावला. मशीन सुरू करून खुर्चीत बसले असं कधी झालं नाही. पार शेवटच्या पंगतीपर्यंत चालत जायचे, तिथल्या बायकांना ऐकू येतंय का विचारायचे आणि परत येऊन भोंग्याचं तोंड फिरवायचे. माझ्या लग्नात तर त्यासाठी आहेर पुकारणं थांबवलं होतं. असा संतापलो होतो मी!

गेल्या महिन्यात मी होम थिएटरचा संच आणला. पाच स्पीकर, एक धमधम वाजणारा डबा आणि सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर. अव्वासाठी, म्हणजे माझ्या आईसाठी आणला, असं गल्लीभर सांगत सुटलो. ते अर्धंच खरं. अव्वाला दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र लावत नाही. रोज संध्याकाळी आमच्यासोबत कन्नड मालिका बघते, पण कळतं का विचारलं की "कळतंय की," म्हणून विषय मोडते. आमच्यात बसूनही ती एकटी पडत चालली होती आणि मला त्याची भीती वाटायची. उरलेली अर्धी हौस माझी.

प्रभुअण्णांनी दुपारभर वायरी ओढल्या. मग रिसीव्हरसोबत आलेला छोटा माईक सोफ्याच्या मधोमध, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवला. पंखा बंद, कुकर बंद, सगळे गप्प. एकेका स्पीकरातून खरखर निघाली आणि मशीननं अंतरं मोजून आवाज जुळवले. मी सोफ्यावर बसून पाहिलं. पडद्यावरची मोटार पाठीमागून आली, तर मी चक्क मान वळवली! झालं काम, म्हटलं, चहा घ्या.

चहा होईपर्यंत सात वाजले, मालिका लागली. बायको श्रीदेवी आणि पोरं खाली सतरंजीवर, सोफ्याला टेकून बसली. सवयीनं मीही खाली उतरलो. अव्वा स्वयंपाकघराच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. प्रभुअण्णांनी कप खाली ठेवला.

"नागेंद्र, सोफ्यावर कोण बसतंय रे तुमच्यात?"

"पाव्हणे."

"मग दिसभर मी पाव्हण्याचा आवाज बसवायलो व्हय!"

माईक उचलून त्यांनी अव्वाच्या शेजारी, तांदळाच्या रिकाम्या, पालथ्या डब्यावर ठेवला. "अव्वा, हलू नका." पुन्हा सगळे गप्प, पुन्हा खरखर. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरातून येतं, म्हणून तो वाढवला, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारून त्याचं तोंड दाराकडे वळवलं. धमधम कमी केली. मी सोफ्यावर जाऊन बसलो, तर मघाचा तो पाठीमागून येणारा आवाज कुठल्या कुठे गेलेला.

"अण्णा, सगळा आवाज बिघडिवलाव की!"

"कामून वरडायलास? तुझा आवाज रिमोटच्या दोन नंबरच्या बटनावर ठिवलाय. एक नंबर अव्वाचा."

अव्वाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. सुपातला हात थांबला होता. पडद्यावरची सून सासूशी काहीतरी बोलत होती. अव्वा पुढं सरकली, तोंडाला पदर लावून हसली.

"अगं श्रीदेवी, ही सून तर चांगली हाय की! दोन वर्सं मी उगंच हिच्या नावानं बोटं मोडायलते."

आम्हाला कुणालाच हसता येईना. श्रीदेवी उठली, अव्वाजवळ जाऊन बसली आणि मालिकेची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.