कात्रीताईची केस

कात्रीताईचं तोंड तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालतं, असं समोरचा चपलावाला म्हणतो आणि म्हणून झाल्यावर दोन पावलं मागे सरकतो. गल्लीच्या दोन्ही अंगांना पत्र्याची दुकानं, त्यात ताईचं एका खुर्चीचं, एका आरशाचं केस कापायचं दुकान. नगर कार्यालयानं कोर्टात सांगितलं, ही दुकानं काल-परवा उभी राहिली, हटवा. लोकांचं निम्मं आयुष्य तिथं गेलं, ते कागदावर कुठंच नाही. दुकानदारांच्या वकीलबाई म्हणाल्या, "जुने फोटो आणा. तारखेसकट."

फोटो होते. ताईला पहिल्यापासून खोड, केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या मानेमागून एक फोटो काढायचा. आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा येतो आणि त्याच्या मागे समोरची अख्खी रांग. पण सगळे फोटो दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो नेमका आताच मेला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं पेटी उघडून आतली हार्ड डिस्क ताईच्या हातात ठेवली.

"ही जिवंत असेल तर फोटो आहेत. बाहेरची एक केस घ्या."

"केस तर चालूच आहे की."

"ती नव्हे हो. हिला घालायची केस."

ताई कॉम्प्युटरच्या दुकानात गेली, हार्ड डिस्कची केस मागितली, सगळ्यात स्वस्त ती घेऊन आली. डिस्क कशीबशी आत कोंबली. चेन लावली. मग वायर कुठं घालायची ते शोधत बसली. उलटीपालटी केली, कुठं भोक नाही. झेरॉक्सवाला हसायला लागला, तसं ताईचं डोकं फिरलं. डिस्क टॉवेलात गुंडाळून ती दुकानदाराची बिनपाण्याची करायला निघाली.

"दादा, हिच्यात वायर कुठून जाते?"

"ताई, हा पाऊच आहे. प्रवासात धक्के लागू नयेत म्हणून."

"मी केस मागितली होती."

"लोक यालाही केसच म्हणतात. तुम्हाला पाहिजे होतं एन्क्लोजर, वायर जोडायचा डबा."

"एका शब्दाला दोन वस्तू ठेवता, मग विचारायचं कुणी? आमच्याकडे केस म्हणजे केस."

"कोर्टातली की डोक्यावरचे?"

ताईला हसू आलं, पण तिनं ते त्याला दिसू दिलं नाही. टॉवेल सोडला. दुकानदारानं डिस्क हातात घेऊन पाहिली.

"ही मोठी आहे. लॅपटॉपची असती तर साधा डबा चालला असता, तो वायरीतूनच वीज घेतो. हिला वेगळा प्लग लागतो, म्हणून हिचा डबा महाग."

"आत असतं काय एवढं?"

"चकती फिरते. तिच्यावर एक टोक तरंगतं, टेकत नाही."

"आणि टेकलं तर?"

"तर गेलं सगळं."

"म्हणजे वस्तऱ्यासारखं."

"वस्तरा टेकतो ना, ताई."

ताई म्हणाली, "आधी ही चालते का ते दाखवा. मग भाव बोलू."

दुकानदारानं स्वतःच्या डब्यात डिस्क बसवली. आधी काहीच नाही. मग बारीक गुणगुण सुरू झाली, आणि तिनं चक्क कान लावून ती ऐकली. पडद्यावर एक डोकं उघडलं, नुकतं कापलेलं. आरशात मागे चपलावाला, मिशा काळ्याभोर. खाली तारीख, जुनी.

"आहेत," ताई म्हणाली.

दुकानदारानं एक चकचकीत डिस्क पुढं केली. "डबा घ्या आणि फोटो उतरवायला ही. दहा जन्म भरणार नाही."

"मला हाच जन्म पुरे. बाहेर हातगाडीवर याच्या दुप्पट मापाची निम्म्यात मिळते."

"वर लिहिलेलं माप आत नसतं. भरत गेलात की जुने फोटो पुसून त्यावर नवे ठेवते, आणि सांगतही नाही."

"केसानं गळा कापते म्हणा." ताईनं डब्याकडे बोट केलं. "फोटो एकदा उतरवले की हा डबा माझ्या काय कामाचा?"

"तसा काहीच नाही."

"मग तो तुमच्याकडेच असू द्या. फोटो इथंच उतरवून द्या, मजुरी घ्या. डबा आणि ही चकचकीत डिस्क दोन्ही राहू द्या, तेवढ्या पैशात दोन लहान डिस्क बसवा."

"दोन कशाला? फोटो तेच."

"एक वकीलबाईंकडे, एक माझ्याकडे. रांग पाडायला आले तर माझं दुकान पहिलं तुटेल. मग एकच असून काय उपयोग?"

तो मान हलवत कामाला लागला. म्हणाला, उद्या या. ताईनं स्टूल ओढलं. ओळखीच्या माना एकामागून एक पडद्यावरून सरकत होत्या, आणि ती प्रत्येकीचं नाव पुटपुटत होती. काम संपल्यावर तिनं दोन्ही डिस्कमधून तोच मिशांचा फोटो उघडायला लावला. उघडला. मग जुनी डिस्क परत टॉवेलात, नवी एक पिशवीत, एक कमरेला खोचून ती सरळ वकीलबाईंच्या ऑफिसकडे चालू लागली.