पोहोचल्याचा फोन

एक गोष्ट मी माझ्या पत्नीपासूनही वर्षानुवर्षे लपवली. तंजावूर सोडून आम्ही पुण्याला पोहोचलो, त्या दिवशी मी घरी फोन केला नव्हता. केला, असे गिरिजेला सांगितले.

निघतानाचे दृश्य अजून स्पष्ट आहे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत रिक्षा उभी होती, गिरिजेच्या मांडीवर चिंचभाताचा डबा होता आणि उंबऱ्यावर तिची आई. त्यांना मी तिकडच्या रीतीने अत्तै म्हणतो, म्हणजे सासूबाई. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर शेजारच्या याच बाईंनी मला आपल्या मुलांच्या पंगतीला बसवले. पुढे जावई झालो, तेव्हा त्यांनी मला ‘अरे’ म्हणणे सोडले आणि ‘माप्ळे’ म्हणू लागल्या, म्हणजे जावईबापू.

“जमलं नाही तर परत या हो, माप्ळे,” त्या म्हणाल्या. “माडीवरची खोली मोकळीच ठेवते.”

आज या वाक्यात मला केवळ माया दिसते. तेव्हा मात्र वाटले, सगळ्या गल्लीदेखत यांनी माझी लायकी काढली.

माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पाठोपाठ घर झाडू नये, हे पुष्कळ घरांत पाळतात. अत्तैंनी ती रीत फार लांबवली होती. जाणारा पोहोचल्याचे कळेपर्यंत त्या केरसुणीला हात लावू देत नसत. दारात सडा नाही, कोलमची रांगोळीही नाही. हे मला पक्के ठाऊक होते. पुण्याच्या स्टेशनबाहेर फोनच्या बूथमध्ये शिरलो, अत्तैंना निरोप देणाऱ्या शेजाऱ्यांचा नंबर अर्धा फिरवला आणि रिसीव्हर ठेवून दिला. राहू दे म्हटले काही दिवस वाट पाहत.

तो मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा महिना होता. त्या दिवसांत आमच्या गल्लीत पहाटे दारोदारी रस्ताभर कोलम उमटतात, आणि कोलम नसलेले दार म्हणजे मृत्यू झालेले घर. गिरिजेचे पत्र पोहोचेपर्यंत अत्तैंचे दार तसेच कोरडे राहिले. पुढच्या भेटीत समोरच्या कामाक्षी मामींनी मला हसत हसत सांगितले, “आम्ही तर घाबरलोच! विचारायला गेलो तर तुमच्या अत्तै म्हणतात, कंबर धरली आहे, वाकता येत नाही. आणि आमच्या पुढ्यात वाकून नारळ खोवतायत!”

जावयाचा फोन नाही हे गल्लीला कळू नये, म्हणून माझ्यासाठी त्या खोटे बोलल्या होत्या. फोन मी मुद्दाम टाळला, हे त्यांना कळले होते का? मी कधी विचारले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. मला आवडते म्हणून आमसुलाचे सांबार मात्र प्रत्येक भेटीत केले.

पुण्यात फ्लॅट झाला, सोसायटीच्या मीटिंगा झाल्या. ऑफिसात माझ्या तंजावुरी मराठी बोलीला लोक हसत, म्हणून मी ती घासूनपुसून घेतली. ही देवनागरी लिपीही तिथेच शिकलो. गल्लीत राहिलेल्या माझ्या माणसांना ती वाचता येत नाही. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांपैकी कोणी त्यांना हे वाचून दाखवावे. घर कोणते, असे मला विचारले तर आज उत्तर सुचत नाही. पुण्यात मी तंजावूरचा असतो, आणि तंजावूरला पाऊल ठेवताच रिक्षावाला मला ऊरुक्कु पुदुसा, गावात नवे का, म्हणून विचारतो.

गेल्या महिन्यात अत्तैंनी अन्न सोडले, म्हणून आम्ही धावत आलो. त्यांनी गिरिजेला ओळखले. मला पाहून पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, “आलेल्यांना कॉफी दे.” सुनेने केरसुणी घेतली, तशी त्यांनी क्षीण आवाजात दटावले, “ठेव ती! माप्ळे अजून पुण्याला पावले नाहीत.”

घर काही दिवस झाडलेले नव्हते. कोपऱ्यांत मुंग्या लागल्या होत्या.

“अत्तै, मी इथेच आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही नव्हे हो. ते पुण्याला गेलेत. फोन यायचाय.”

मी गोंधळून गेलो. हा वयाचा भ्रम होता, की इतक्या वर्षांनी केलेली विचारणा? समोर बसलेला मी कोण होतो, आणि वाटेत अडकलेला तो कोण? एवढे मात्र कळले, की माझ्यासाठी त्या थांबून राहिल्या आहेत आणि आता फार थांबू शकणार नाहीत.

मी उठून बाहेर, त्याच कोरड्या उंबऱ्यापाशी गेलो आणि गिरिजेच्या मोबाइलवर फोन लावला. खिडकीतून दिसले, तिने चकित होऊन माझ्याकडे पाहिले, मग स्पीकर लावून फोन आईच्या कानाशी धरला.

“अत्तै, माप्ळे बोलतोय. आम्ही पावलो.”

“पावलांत?” त्यांचा आवाज अचानक भरला. “सुखरूप? पोरगी रडत नाही ना?”

गिरिजा रडत होती. “नाही,” मी म्हणालो.

“बरं झालं. किती उशीर हो केलात, माप्ळे.”

खिडकीच्या गजांतून गिरिजा माझ्याकडेच पाहत होती. मी आवाज खाली आणला नाही.

“अत्तै, तेव्हा स्टेशनबाहेर फोनचा बूथ होता. मीच मुद्दाम फोन केला नाही, आणि गिरिजेशी खोटं बोललो. तुमचं दार माझ्यामुळे कोरडं राहिलं. माझं चुकलं, अत्तै. मला क्षमा करा.”