फाटका पंख आणि उजवा हात

अंगात येणं, करणी, उतारे... यातलं मी काही मानत नाही. कोणी सांगायला लागलं की उठून कामाला लागते. शाळा चौथीपर्यंत. हे मी सांगितलं तसं माझी नात कोमल हिने मोबाइलवर टाइप केलं आहे.

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीकाठी. ओट्यावर पांढरी भिंत, तिच्यावर बल्ब, खाली आमच्या म्हाताऱ्यांची, कोमलच्या आजोबांची खाट. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. मी तरी रोज तेल चोळायची.

रात्री बल्बवर आलेले पतंग सकाळी भिंतीवर बसलेले असतात. मी ते केरसुणीने झाडते. कोमल लोणखेड्याला कॉलेजात शिकते. ती त्यांचे फोटो काढून पंखांच्या नक्षीवरून जात ओळखते.

"आजी, थांब ना! मना फोटो बाकी शे."

"कचराना फोटो काढस? तुले कोन पसंत करी वं?"

त्यात एक तपकिरी पतंग होता. डाव्या पंखावर पांढरा ठिपका, दही ओघळावं तसा. उजव्या पंखाचा कोपरा तुटलेला, भाकरीचा घास मोडावा तसा. पावसाळा लागल्यापासून रोज खाटेच्या उशाशी बसायचा; झाडायला गेलं की उडायचा, सकाळी पुन्हा तिथेच. कोमल म्हणाली, फाटका पंख कधी भरत नाही, आणि हे पाखरू फार दिवस जगतही नाही.

पोळा झाला तरी तो येतच होता. कोमलने सगळे फोटो शेजारी लावून दाखवले — तुटका कोपरा जरा जरा भरत चाललेला! तिचे सर म्हणाले, वेगवेगळे पतंग असतील.

"आजी, ठिपका देख. ओघळ तोच शे, शिरा बी त्याच. दुसरा कसा व्हई?"

म्हटलं, पुरे. आजारी माणसाच्या उशाशी असलं काही नको. दुसऱ्या सकाळी केरसुणी उचलली. पतंग बसलेला, दोन्ही पंख अख्खे. मारणार, तोच केरसुणी अडकली. खाली पाहिलं... म्हाताऱ्यांनी धरली होती. उजव्या हाताने.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

कोमल रडायला लागली. म्हटलं, रडतेस काय, चहा ठेव. तेवढ्यात पतंग उडाला, तो पुन्हा आला नाही.

पतंगाने हात बरा केला असं मी म्हणत नाही. तेल मी चोळलं. पण पंख कोणी भरला? सर ते फोटो पुन्हा पुन्हा बघतात.

म्हातारे आता उजव्या हाताने कप धरतात, थोडा चहा सांडतात. भिंत मात्र झाडू देत नाहीत. कोळिष्टकं झाली आहेत नुसती.